आफकेवरचा आळ

लोस्टॉफ्ट, इंग्लंड, १९ जून

प्रिय सीब्रेन,

आम्ही पोचलो. आफके काल दुपारी साडेबाराला इथल्या धक्क्याला लागली. तळात पाणी नाही, शिडाचा एक टाका उसवलेला नाही, आणि तुझी सत्तर वर्षांची आई स्वतःच्या पायांनी उतरून कागद दाखवायला गेली. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुला काळजीच्या आड लपता येणार नाही. कारण पुढचं सगळं मी रागाने लिहिते आहे.

एप्रिलमध्ये मी आपल्या हार्लिंगेन बंदरात डेकवरचा जुना रंग खरवडत बसले होते, तेव्हा एक निरीक्षक जहाजावर आला. वयाने तुझ्याहून लहान, बूट बाहेर काढून आत येणारा, सभ्य. म्हणाला, "बाई, तुमच्या जहाजाबद्दल तक्रार आलीय." मला वाटलं, शेजारच्या बोटवाल्याने माझ्या जनरेटरच्या आवाजाबद्दल कुरकुर केली असेल. कुणाची तक्रार ते सांगता येत नाही म्हणाला, पण कागद टेबलावर ठेवून तळ बघायला उतरला. सही ओळखायला मला चष्मा लागला नाही. दोन पानं, सीब्रेन. मला तू नाताळात कार्ड पाठवतोस त्यावर तीन शब्द असतात, आणि सरकारला दोन पानं.

तुझेच शब्द: माझी आई हट्टी आहे. माझी आई हल्ली विसरते. सपाट बुडाचं, एकशे तेरा वर्षांचं जहाज घेऊन ती इंग्लंडला निघाली आहे, तिला अडवा. मी काय विसरले? तुझ्या बायकोच्या, मार्यानच्या, वाढदिवसाला केक आणायचा विसरले, एकदा. तुम्ही सगळे गोलात खुर्च्या मांडून बसला होतात आणि माझ्या रिकाम्या हातांकडे बघत होतात, ते मात्र मी विसरलेले नाही. त्याच दिवशी तू त्या वृद्धाश्रमाचं रंगीत माहितीपत्रक माझ्या कोटाच्या खिशात कोंबलंस. खिशात. हातात द्यायची हिंमत झाली नाही. आणि मग माझ्या पाठीमागे गेप्केला फोन केलास. चाळीस वर्षं ती माझ्याबरोबर जहाजावर स्वयंपाक करते, ती माझ्यापासून काही लपवेल असं वाटलं तुला? ती म्हणाली, "तुझा लेक म्हणतो, मावशी, तू गेली नाहीस तर आईही जाणार नाही. मी म्हटलं, बाळा, तुझी नि तुझ्या आईची ओळख झालेली दिसत नाही." आणि हिस्के. स्वतःच्या चौदा वर्षांच्या मुलीला तू सांगितलंस की आजीचं डोकं ताळ्यावर नाही. तिने मला फोन करून विचारलं, "आजी, आज वार कोणता ते सांग बघू." मी सांगितलं. मग ती रडायला लागली. तिला माझ्याबरोबर यायचं होतं, आणि तू तिला गुडघाभर पाण्यातसुद्धा होडीत बसू देत नाहीस.

निरीक्षकाने आपलं काम चोख केलं. जहाज पाण्याबाहेर ओढून घेतलं, दोन दिवस बुडाच्या पत्र्यावर हातोडी मारत फिरला, जाडी मोजली, दिवे, पंप, जीवरक्षक जाकिटं, सगळं. शेवटी कॉफी घेताना म्हणाला, "बाई, माझ्या आजीची हाडं एवढी भक्कम असती तर बरं झालं असतं." शिक्का मारला. पण उठता उठता त्याने तुझ्या पत्रातल्या एका वाक्यावर बोट ठेवलं. 'या जहाजावरचं सामान भरवशाचं नाही, माझे वडील दोर तुटल्यामुळे गेले.' त्याने विचारलं, "असं झालं होतं का?" मी म्हटलं, "पोलिसांच्या कागदात तसंच आहे." तो गेला. मी ते वाक्य डोक्यात घेऊन रात्रंदिवस फिरत राहिले. मला हट्टी म्हण, विसराळू म्हण. पण आफकेवरचं सामान भरवशाचं नाही? माझ्या आजोबांनी त्या जहाजावर बटाटे वाहिले, माझा जन्म तिच्या केबिनमध्ये झाला, तुझाही झाला. तिच्याबद्दल असं परक्या माणसाला लिहायला तुझा हात धजला कसा?

मी इंग्लंडला का निघाले, हे तू मला एकदाही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर सांगितलं असतं. नव्वद सालच्या त्या उन्हाळ्यात तुझ्या बाबांनी नकाशावर पेन्सिलने एक रेघ ओढली होती, एयमाउदेनपासून सरळ पश्चिमेला. पुढच्या वर्षी जायचं ठरलं होतं. सप्टेंबरात ते गेले. तो नकाशा सव्वीस वर्षं माझ्या गादीखाली होता. गुडघे दरवर्षी दुखतात त्याहून जास्त दुखायला लागले, तेव्हा कळलं की आता नाही तर कधीच नाही. एवढंच. यात वेडेपणा असेल तर असू दे.

बरोबर गेप्के होती आणि ओन्नो. ओन्नो तुला आठवत असेल, कॉर्नवर्डरझांटच्या बंधाऱ्यावर तीस वर्षं जहाजांसाठी दारं उघडत-मिटत बसलेला. त्याची बायको गेल्यापासून तो येता-जाता आमच्याकडे जेवतो आणि मला तांडेलबाई म्हणतो. परवा दुपारी तीनला एयमाउदेनच्या बंदरातून बाहेर पडलो. वारा पूर्वेचा, पाठीवरचा, हवा तसा. आफके उथळ पाण्याचं लेकरू, खोल समुद्रात तिला पाय कुठे टेकावेत ते कळत नाही. डुलते, आपटते, कुरकुरते, पण जाते. गेप्केने वाटाण्याचं घट्ट सूप केलं, ओन्नोने तीन वाट्या खाल्लं आणि तासाभरात ते समुद्राला मिळालं. तो कठड्याला धरून म्हणाला, "तांडेलबाई, तुमचा सीब्रेन शहाणा आहे, मी कुठे तक्रार करू?" रात्र नीट गेली. आळीपाळीने झोपलो.

सकाळी साडेसातला वारा वाढला. जमीन दिसत नव्हती, पण खाली वाळूचे उंचवटे लागले होते, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या झाल्या. मोठं शीड एका बाजूला पूर्ण बाहेर, त्याच्याखालचा नऊ मीटरचा वासा दोराने पुढे ताणून बांधलेला, म्हणजे वारा चुकीच्या बाजूने शिरला तरी वासा झेपावून दुसरीकडे येऊ नये. तो दोर मी बांधला होता आणि तासातासाला जाऊन त्याला हात लावून येत होते. गेप्के म्हणाली, "त्या दोराशी लग्न लावलंयस का?" सुकाणूवर ओन्नो होता. मागून एक लाट तिरकी आली आणि तिने आफकेची मागची बाजू उचलून बाजूला टाकली. ओन्नोने सगळं अंग दांड्यावर घातलं, तरी ती फिरली. वारा शिडाच्या उलट्या अंगाला गेला. वासा उसळला. दोर असा ताठ झाला की त्यातून पाणी पिळून निघालं. डोलकाठी कण्हली. पण वासा होता तिथेच राहिला. बरोबर त्याच्या वाटेत गेप्के उभी होती, दोन हातांत कॉफीचे दोन मग घेऊन.

ओन्नोने जहाज हळूहळू परत वाऱ्यावर आणलं. तांडेलबाई म्हणायचं विसरून त्याने मला नावाने हाक मारली. म्हणाला, "चुकलो, रिक्स्ट. मी गेप्केला मारलं असतं." मी त्याच्यावर खेकसले, "मूर्खासारखं बोलू नकोस. अशा पाण्यात कुणाच्याही हातून जहाज असं फिरतं. सुकाणूवरच्या माणसाचा त्यात काही दोष नसतो. म्हणून तर तो दोर असतो." आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. ओन्नो माझ्याकडे बघत होता. बाबा गेले त्या दिवशी तुला कांबळ्यात गुंडाळून त्याच्या स्वयंपाकघरात बसवलं होतं, विसरला नाहीस ना? त्याने अगदी हळू विचारलं, "हे तू सीब्रेनला कधी सांगितलं होतंस?" मी म्हटलं, "समोर बघ. लाट येतेय." लाट येत नव्हती.

आता ऐक. टेरश्केलिंग बेटावरून परत येत होतो, भाडं देणारे पाहुणे नव्हते, आपण तिघंच. तू सुकाणूवर, एकोणीस वर्षांचा, वारा पाठीवर. पुढच्या बोयापाशी वळून वासा दुसऱ्या बाजूला घ्यायचा होता. वेळ वाचवायला म्हणून मी दोर आधीच सोडला. सोडला, नीट गुंडाळला आणि डोलकाठीच्या खुंटीला अडकवला. तो सोडला की ओरडून सांगायचं असतं, लहानपणापासून मला माहीत होतं, तुला मीच शिकवलं होतं. पण खाली रेडिओवर हवामान लागलं आणि मी ते ऐकायला उतरले. मी सांगितलं नाही. तुझे बाबा जहाजाच्या बाजूची फळी पाण्यात सोडायला वाशाच्या वाटेत गेले, कारण त्यांना वाटत होतं की दोर बांधलेला आहे. तुलाही तसंच वाटत होतं. लाट आली, आफके फिरली, जशी ओन्नोच्या हातात फिरली. वासा झेपावून आला. मी शिडीवर असताना तो आवाज ऐकला.

तीन तास त्यांना पाण्यात शोधलं आणि बंधाऱ्याला लागलो. तू ओन्नोकडे होतास, पोलीस अर्ध्या तासात येणार होते. दोर खुंटीवर होता, अखंड, कोरडा. मी तो काढला, पावाच्या सुरीने मधोमध कापला आणि दोन्ही टोकं लोखंडी सुळ्याने उसवली, तुटल्यासारखी दिसेपर्यंत. पोलिसांनी पाहिलं आणि लिहून घेतलं. तूही येऊन ते दोन तुकडे पाहिलेस. परवाना जाईल, जहाज जाईल, राहतं घर जाईल, असं मी नंतर स्वतःला सांगत राहिले. ते खरं नाही. ते वाक्य माझ्या तोंडातून निघत नव्हतं, एवढंच खरं. वाटलं, दोर तुटला म्हटलं की कुणाचाच दोष नाही, तुझाही नाही. पण नोव्हेंबरात एके दिवशी मी भांडी घासत असताना तू विचारलंस, "आई, मी तिला एवढ्या जोरात फिरू दिलं म्हणूनच तुटला ना?" 'नाही' म्हणायचं होतं. मी म्हटलं, "झालं ते झालं, पोरा." आणि ताट घासत राहिले. आठवड्याने तू बॅग भरलीस आणि पाण्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब घर केलंस.

हे पत्र तुला फैलावर घ्यायला लिहायला बसले होते. आफकेवरचा आळ काढायचा होता, तिचा दोर कधीच तुटला नव्हता हे तुला ठणकावून सांगायचं होतं. पण ते सांगायचं तर दुसरंही सांगावं लागतं, हे मी एप्रिलपासून जाणून आहे आणि म्हणूनच इतकी चिडले आहे. राग तुझ्यावर नव्हता. हेच सगळं मी त्या निरीक्षकालाही लिहिलं आहे, ते पाकीट आज सकाळी टपालात टाकलं. आता परवान्याचं काय व्हायचं ते होवो. तुझ्या हातून त्या दिवशी काहीही चुकलं नव्हतं, सीब्रेन. काहीही नाही. हिस्केला कळू दे, मार्यानला कळू दे, आणि तू हे पुन्हा पुन्हा वाच, तुला खरं वाटेपर्यंत. वारा साथ देईल तर दोन जुलैला आम्ही हार्लिंगेनला परत येऊ. येऊ नकोस असं वाटलं तर येऊ नकोस. येशील तर समजूतदारपणा घेऊन येऊ नकोस. रागावून ये. मी धक्क्यावर उभी राहून सगळं ऐकून घेईन.

तुझीच,
आई