बोलका बंद आहे

८ नोव्हें., शनि.

कोपरीला गेलेले, आईबाबांकडे. बाबा सकाळपासून दोनदा भिंत धरत धरत हॉलमधल्या कॉम्प्युटरपर्यंत आले. कशाला, तर चहा मागायला. डॉक्टरांनी वॉकरशिवाय पाऊल टाकू नका म्हणून बजावलंय. वॉकरवर आईने टॉवेल वाळत घातलेत. मागच्या महिन्यात पडले तेव्हा मुक्या मारावर निभावलं, आता पडले तर खुबा जाईल. मी ओरडले. ते हसले. आवाज नाहीच, नुसते खांदे हलतात.

घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांची स्वरपेटी काढली, तेव्हा निनादने कॉम्प्युटरवर हे त्यांच्यासाठी केलेलं. नाव ठेवलं बोलका. कीबोर्डवर मोठे स्टिकर : 'च' दाबलं की चहा, 'प' पाणी, 'ल' म्हणजे लाइट घालव. आवाज नि.चा स्वतःचा, रेकॉर्ड करून ठेवलेला. गळ्याला लावायचं ते घरघरणारं यंत्र बाबांनी एकदा लावलं आणि कपाटात टाकलं, म्हणून. "यापुढे तुमचा आवाज मी," म्हणालेला गाढव. आणि गेल्या वर्षी काविळीने गेला. माझा धाकटा भाऊ. गेला आणि घरात रोज बोलतोय. "आई, चहा दे नाऽ." त्या 'ना'ला असं काही लोंबकळतो की…

बाबांनी 'च' दाबलं आणि आईने नळ फुल्ल सोडला. नेहमीचंच. भांडी काय पळून जाणारेत? बाबा अर्धा कप पितात, उरलेला बेसिनमध्ये.

९ नोव्हें., रवि.

इकडे आपलं घर झाडता झाडता सुचलं. बाबांच्या मोबाइलवर चार मोठी बटणं द्यायची. पलंगावरून दाबलं की हॉलमधला बोलका बोलेल. बाबा पडायचे वाचतील. त्यासाठी छोटा प्रोग्राम लिहीन, लिहिता येतो मला तेवढा. ऑफिसात दुसरं काय करते.

अडचण अशी की माझ्या प्रोग्रामला नवीन पायथन लागेल. त्या मशीनवर आहे तो आदिमानवाच्या काळातला. पायथन नाही तर प्रोग्राम म्हणजे नुसता मजकूर, तो वाचून मशीनला करायला लावणारा तोच. आणि नि.ने घातलेली लिनक्स सिस्टिम इतकी जुनी की तिच्यासाठी तयार काही मिळत नाही. सिस्टिमच बदलावी, तर बोलका नव्यावर चालत नाही. माझ्या लॅपटॉपवर करून पाहिलेलं, निनादच्या जागी खरखर. उरलं एकच. पायथनचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवायचा आणि त्या जुन्या मशीनवरच बांधायचा.

११ नोव्हें., मंगळ.

ऑफिस सुटल्यावर कोपरीला. बांधकामाला सुरुवात. पहिल्याच पायरीला एरर : कोडचा चालता प्रोग्राम करणारा कंपाइलर जुना. दुसरा कंपाइलर शोधला. मग लायब्ररी, म्हणजे त्याला लागणारा तयार कोड, जुनी. ती बांधायला घेतली तर तिला आणखी एक हवी. हे म्हणजे सरकारी दाखल्यासारखं चाललंय. या खिडकीवरून त्या.

बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले. स्क्रीनवरून ओळी सरकतात ते बघायला आवडतं त्यांना. मध्येच हात लांब करून 'च' दाबलं. "आई, चहा दे नाऽ." मी म्हटलं, आत्ताच तर झाला. पुन्हा दाबलं. आतून नळ.

१३ नोव्हें., गुरु.

लायब्ररी झाल्या. पायथन अर्ध्यावर जाऊन पडतो. एरर एकच, पण पानभर लांब. पंखा एवढा घोंघावतो की आईने विचारलं, "अगं, जळेल का ते?"

"जळलं तर तुला बरंच, जागा होईल," मी म्हटलं. असं बोलायला नको होतं. पण ती कधी त्या टेबलावरची धूळसुद्धा पुसत नाही. नि.चे शर्ट तर महिन्याच्या आत बोहारणीला दिलेले. आईचा नियमच आहे तो. नवीन आलं की जुनं त्याच दिवशी घराबाहेर. कुकर असो, चादर असो. शर्टांच्या बदल्यात स्टीलचं पातेलं आलं. त्यात ती दूध तापवते. मी त्या पातेल्यातला चहा पीत नाही, हे तिला कळलंय की नाही माहीत नाही.

१५ नोव्हें., शनि.

झाला! एका ओळीत स्वल्पविराम जास्तीचा होता, तोही मीच घातलेला. नवीन पायथन उभा राहिला. माझा प्रोग्राम चालला. बाबांनी पलंगावरून मोबाइलवर बोट ठेवलं आणि हॉलमधून निनाद म्हणाला, "आई, पाणी." बाबांनी अंगठा दाखवला. मी चक्क नाचले. आईने पाणी आणून ठेवलं.

उद्या मशीनची साफसफाई करून निघायचं.

१६ नोव्हें., रवि.

मी मूर्ख आहे. लिहून ठेवते म्हणजे विसरणार नाही.

दोन पायथन एकाच मशीनवर, नावाचा घोळ व्हायला लागला. म्हटलं नवीन आलाय ना, मग जुना कशाला. काढून टाकला. सिस्टिमने विचारलं, खात्री आहे का? मी हो म्हटलं. आईचीच मुलगी.

बोलका जुन्या पायथनवर चालतो. नव्याला त्याची एक ओळ समजत नाही. हे मला माहीत होतं. काल रात्रीपर्यंत माहीत होतं. आणि जुना परत लावावा, तर प्रोग्राम लावून देणारं हत्यारही त्याच जुन्या पायथनवर चालणारं. तेही गेलं. ज्या फांदीवर बसलेय तीच तोडली आणि खाली बघत बसले.

निनादचे आवाज डिस्कवर आहेत, ते गेले नाहीत. सगळे त्याने एका फाइलमध्ये आपल्या पद्धतीने गुंडाळलेत, बोलक्याशिवाय उघडत नाहीत. बाबांनी मोबाइलवर बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मी म्हटलं, बाबा, थोडा वेळ द्या मला. ते दाबतच राहिले.

आई नळ सोडायला उठली होती. तशीच उभी राहिली.

१८ नोव्हें., मंगळ.

आता जुन्या पायथनचा सोर्स शोधून तोच बांधतेय. नवीन बांधायला कष्ट पडले, जुना बांधायला जीव जातोय. सोर्स मिळाला. बांधलाही जातो, पण मुका. आवाजाचा भाग प्रत्येक वेळी गाळून पुढे जातो. मुका पायथन घेऊन काय करू?

बाबांना पाटी दिलीय, शाळेची, पेन्सिलची. हात थरथरतो. 'पाणी' लिहिलेलं 'पणी' दिसतं. आज दिवसभरात फक्त दोनदा लिहिलं म्हणे. चहा मागितलाच नाही. माझ्याशी नजर मिळवत नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

२० नोव्हें., गुरु.

आजही मुका. ऑफिसात लक्ष नव्हतं, साहेबांनी दोनदा हाक मारली.

कोपरीला पोचले तर आई गुणगुणत होती. ओट्यापाशी, कोथिंबीर निवडताना. कधीपासून ऐकलं नव्हतं. मला बघून थांबली. मी सरळ विचारलं, काय गं, बोलका बंद पडला त्याचा आनंद झालाय का तुला?

ती कोथिंबीर निवडत राहिली. मग म्हणाली, "तो रोज चहा मागतो, अशू. मी रोज टाकते. कप घेऊन बाहेर येते आणि तिथे हे बसलेले असतात."

मी खांद्यावरची पर्स खाली ठेवली.

"यांचा राग नाही गं. पण हाक मारली की अजून माझ्या तोंडून ओ निघते. ओ दिलेली मलाच ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडते." मग म्हणाली, "चार दिवस झाले, तो गेलाय असं वाटतंय. वाईट वाटतं. पण जरा निवांत बसवतं."

इतके दिवस मी त्या नळावर चिडत होते.

२२ नोव्हें., शनि.

सापडलं. आवाजाच्या लायब्ररीचा एक तुकडा हवा होता, तो कुठल्याशा जुन्या साठ्यात मिळाला. दुपारी बांधला. सगळं पार पडलं, आवाजाचा भागही. आई दुपारची पडली होती, बाबा आत. मी हेडफोन लावले आणि 'च' दाबलं.

"आई, चहा दे नाऽ."

नि., गाढवा.

मग एकेक करून सगळी बटणं दाबली. 'ल'च्या शेवटी तो हसतो, अर्धं हसू कापलं गेलंय. आधी कधी लक्षात आलं नव्हतं. हॉलच्या स्पीकरवर ते ऐकूच येत नाही. बराच वेळ रडले. हेडफोन लावून रडताना आपला आवाज केवढा होतो ते कळत नाही. वळून बघितलं तर बाबा आतल्या दारात, चौकट धरून. भुवया उंचावल्या : झालं?

मी म्हटलं, "अजून नाही."

का म्हटलं? आई गुणगुणते म्हणून. आणि बाबा 'पणी' लिहितात त्याचं काय? घरी येऊन प्रशांतला सांगितलं. नवरा म्हणून त्याने सल्ला दिला, झोप. कुणाचा तरी गळा दाबल्याशिवाय हे सुटत नाही. दोन्ही माझीच माणसं.

२३ नोव्हें., रवि.

सकाळीच गेले. आई भाजीला गेलेली. बाबांच्या पलंगावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. काल चालू झाला, मी खोटं बोलले. आई नळ का सोडते तेही.

त्यांनी पाटी ओढली. खूप वेळ लागला लिहायला. "नळाचं माहीत आहे." पुसलं. मग : "चहा नको असतो."

मला आधी कळलंच नाही. मग ते अर्धे कप आठवले. बेसिनमधले. भिंत धरत धरत येणं, पडणं, वॉकर नको म्हणणं. चहासाठी नव्हतंच ते, निनादला ऐकायला होतं. मी त्यांना चार बटणं दिली पलंगावर, आणि तीही मीच बंद पाडली.

मी विचारलं, मग आता काय करायचं बाबा? त्यांनी कानांवर दोन्ही हात ठेवून दाखवले. हेडफोन.

वॉकरवरचे टॉवेल काढले. त्यांना हॉलमध्ये आणलं, खुर्चीत बसवलं, हेडफोन लावून दिले. 'च'. 'प'. 'ल'. पुन्हा 'ल'. हसण्याच्या ठिकाणी त्यांचे खांदे हलले. मला काहीच ऐकू येत नव्हतं. बटणांची टकटक आणि मशीनचा पंखा, एवढंच.

आई आली. पिशवी ठेवली, आम्हाला बघितलं, आत गेली. नळ सुरू झाला. थोड्या वेळाने बंद झाला. नळ बंद करून ती तिथेच उभी असावी, कारण भांड्याचा आवाज नव्हता.

मग स्वयंपाकघराच्या दारात आली. बाबांकडे बघत होती. मला विचारलं, अगदी हळू.

"काय म्हणतोय?"

मी काही बोलायच्या आत बाबांनी हेडफोन काढला आणि हात लांब करून तिच्यापुढे धरला. दुसऱ्या हाताचं बोट 'च'वर.

"माझे हात ओले आहेत," आई म्हणाली.

पदराला पुसायला लागली. पुसून झाले तरी पुसतच होती. बाबांनी हात खाली घेतला नाही. मी दोघांच्या मधून उठून गॅलरीत आले. अजून इथेच बसलेय, मोबाइलवर लिहितेय. आतून अजून काही आवाज नाही.