डब्बीतली कॅसेट अन् उघडी सीडी

माझ्या चिडक्या माय,

तू गेलीस त्याला वरीस होत आलं, अन् एवढ्या दिवसांत मी तुला एक ओळ लिहिली न्हाई. आज लिहून राहिले ते माया दाटून आली म्हणून न्हाई. किळस आली म्हणून. आधी तुझ्या लेकाची आली, मग कुणाकुणाची, ते सांगतेच.

परवा त्याचाच, दिलीपचा, फोन आला. त्याच्या पिंकीचं लग्न ठरलं. पोरगं हिंगोलीचं आहे, घरदार चांगलं आहे, हे आधीच सांगते म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायचा न्हाई. नात तुझीच, तिचं नाव माझ्या तोंडून ठेवलेलं, मी खूश होणारच की. तर हा लगेच म्हणतो कसा, ताई, लग्नासाठी घरचाच एक कॅमेरा घ्यावा म्हणतो, नांदेडात जुने मिळतात, कार्डाचा घेऊ का हार्डडिस्कवाला घेऊ? म्हणलं, मोबाईल काहून चालत न्हाई? तर मोबाईल भरलाय म्हणे.

कशानं भरलाय माहितंय का? गुलाबाच्या फुलावर लिहिलेले सकाळचे नमस्कार. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बॅनर. अन् कुणीतरी ढाब्यावर हाडं चोखत बसलंय, त्याचा व्हिडिओ. ते पुसायला याचा हात चालत न्हाई! शी! तू असतीस तर उकिरडा म्हणाली असतीस.

अन् विचारतो कुणाला, तर मला. मागचा कॅमेरा घेताना मी जसं काही तिथं नव्हतेच.

आठवतंय ना गं तुला ते हिंगोलीचं दुकान? पिंकीचं बारसं तोंडावर आलेलं. गावाहून, कुरुंद्याहून, आपण तिघं एसटीनं गेलो होतो. हळद नुकतीच विकली होती, म्हणून आज आपल्या शब्दाला वजन आहे असं तुला वाटत होतं. दुकानदारानं काचेवर तीन कॅमेरे मांडले. एकात छोटी कॅसेट, एकात तळहाताएवढी सीडी, अन् एकाच्या पोटातच सगळं साठायचं. बोलताना त्याच्या गुटख्याचे शिंतोडे काचेवर उडत होते. तू पदर नाकाला लावून ऐकत होतीस.

दिलीपला सीडीवालाच पाहिजे होता. सीडी काढली की सरळ प्लेअरात, त्याच संध्याकाळी सगळी गल्ली टीव्हीवर आपलं बारसं बघणार, हेच त्याच्या डोक्यात. कॅसेट म्हणजे वायरी जोडत बसा, न्हाई तर वसमतला नेऊन उतरवून आणा, अन् वरून जुनाट म्हणून लोक हसणार. पोटात साठवणारा बिघडला तर पोटातलं सगळं त्याच्यासंगं जातं, असं दुकानदारच म्हणाला, म्हणून तो बाजूला पडला.

तू मात्र प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघितलीस. कॅसेट उलटीपालटी केलीस, तिच्या तोंडावरची झाकणपट्टी नखानं उचलून आत डोकावलीस अन् म्हणालीस, "ही घे. डब्बीत हाय. ती सीडी उघडीनागडी, आपल्या घरात टिकायची न्हाई."

दुकानदार हसला. दिलीपही हसला. हळद तुझी अन् मर्जी लेकाची! आणला सीडीवाला.

बारशाच्या त्या सीडीत निम्म्याहून जास्त पंगतच होती. दिलीपनं एकेकाच्या तोंडात कॅमेरा घातलेला. हनुवटीवरून ओघळणारा जिलबीचा पाक, वरण भुरकणारे, मिशीतलं भाताचं शीत, अन् त्यातच हा म्हणतोय, इकडं बघा, इकडं बघा. बघताना मी तोंड फिरवलं होतं. पण मधीच तो एक तुकडा होता, माय. मी आत्या म्हणून पाळण्यात वाकले, पिंकीच्या कानात नाव सांगितलं, अन् बायकांनी रिवाजाप्रमाणं माझ्या पाठीत धपाटे घातले. सगळ्यात मोठा धपाटा तुझा. अन् तू हसलीस.

तू! जन्मभर नाक मुरडलेली बाई, ताटाला बोट लागलं तरी ताट पुन्हा धुणारी. पोट धरून, तोंड उघडून, आवाज करून हसलीस. मी तुझी पोटची लेक, पण तसं हसताना तुला कधी ऐकलं नव्हतं. टीव्हीवर बघताना म्हणालीस, शी, किती दात दिसून राहिले माझे. अन् हळूच दिलीपला म्हणालीस, पुन्हा लाव.

मग दसरा आला. विळा, खुरपं, पेरायची पांभर, माझं शिलाई मशीन माहेरीच होतं तेव्हा, ते, सगळं पूजेला मांडलं. तुझ्या सुनेनं, शोभानं, कॅमेराही मांडला अन् सीडी चकाकते म्हणून तीही ताटात ठेवली. चकाकत्या बाजूलाच ओल्या हळदीकुंकवाचं बोट. आपल्या रानातली हळद ती, लुगड्याला लागली तर लुगडं फाटंल पण डाग जायचा न्हाई. दुसऱ्या दिवशी बघावं तर सीडी चिंच अन् राख लावून घासलेली. समई घासावी तशी! प्लेअरनं ती आत घेतली, घरघर केली अन् बाहेर ढकलली.

मला सांगितलं दिलीपनं. तुझ्या भावजयीनं घासली म्हणाला. शोभा मान खाली घालून उभी होती. मी तिला अडाणी म्हणलं, आणखी काय काय म्हणलं. अन् तू शेजारीच वाती वळत बसली होतीस. मला वाटलं, किती मोठ्या मनाची माझी माय, सुनेला एका शब्दानं दुखवत न्हाई.

फोन ठेवला तेव्हा ते सगळं वर आलं. पिंकीच्या लग्नात तुझं हसणं एकदा तरी ऐकू यावं वाटलं. नांदेडात कुणी ती सीडी दुरुस्त करून देतो का बघावं, म्हणून काल कुरुंद्याला गेले. कपाटातून कॅमेरा काढला तर काय, बॅटरी फुटून हिरवट चिकट पाणी झालेलं, वर पालीच्या लेंड्या, अन् असा वास की ओकारी यावी. सीडी त्याच्याखाली, राख फासावी तशी पांढुरकी. माझं डोकं फिरलं. शोभाला म्हणलं, बघ, तुझ्या हातानं गेली माझी माय.

ती खाली बसली. पदरानं सीडी पुसली. मग म्हणाली, "वन्सं, आता माय न्हाईत म्हणून सांगते. मी न्हाई घासली. मायनीच घासली. देवाची भांडी घासताना पिवळी दिसली, घेतली हातात. मला म्हणल्या, सुमनला सांगू नको. तुझ्यावर चिडंल, दोन दिवसांत इसरंल. माझ्यावर चिडली तर यायची न्हाई."

दोन दिवसांत! माय, पिंकी लग्नाची झाली तरी मी विसरले न्हाई.

शी माय! काय केलंस हे? जी वस्तू उघडी म्हणून नको म्हणालीस, तीच चिंचेनं घासलीस, अन् डाग लावलास तो सुनेला. तुझी स्वच्छता एवढी मोठी, अन् हे असं मळकट काम! शेवटच्या महिन्यांत तुझं हागमूत त्याच शोभानं काढलं. मी वसमतहून यायचे, मोसंबी ठेवायचे, तिला दोन गोष्टी सुनवायचे अन् निघायचे. तू तिचा हात धरून माझ्याकडं बघत राहायचीस. मला वाटायचं, तहान लागली. काही सांगायचं होतं का गं तुला तेव्हा?

तुझ्यावर चिडून मी आलेच नसते, असं तुला खरंच वाटलं? माझ्याच तोंडाची एवढी भीती होती तुला? आज मला सगळ्यांची किळस येऊन राहिली, दिलीपची, तुझी, माझ्या जिभेची सुद्धा. अन् तरी ती सीडी मी पिशवीत घालून आणली. फेकवत न्हाई.

दिलीपला सांगून आले, कार्डाचा घे. नखाएवढं कार्ड, पण कॅमेऱ्याच्या आत दाराआड बसतं, तुझ्या डब्बीतल्या कॅसेटसारखं. त्यातलं रोजच्या रोज उतरवून एक प्रत तिथं कुरुंद्याला, एक इथं वसमतला माझ्याकडं. अन् हळदीच्या दिवशी कॅमेरा माझ्या हातात राहील, हा माझा शब्द. पंगतीतलं एकही तोंड घेणार न्हाई. पहिलं तोंड शोभाचं. ती हसली न्हाई तर तुझ्यासारखा एक धपाटा घालीन तिच्या पाठीत, पण तिला हसवीन, अन् आवाजासकट घेईन. पुढच्या दसऱ्याला ती कार्डाला हळद लावायची म्हणली तर लावू दे. पिवळं तर पिवळं. घासायला आता तू न्हाईस.

तुझ्याच तोंडाची लेक,
सुमन