मंडळी बेसाला नेताना

नागपूर, ३ फेब्रुवारी २०२५

ती. कौसल्याआत्यास,
सप्रेम सलाम. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. लेकीकडे करमतं का? नूपुरताईला जास्त रागावू नका.

आपल्या चर्चची रविवारची भक्ती सीताबर्डीहून शहराच्या टोकाला, बेसाला न्यावी, असं कमिटीत निघालं आहे. निम्म्याहून जास्त घरं तिकडे राहायला गेली. लहान मुलांना घेऊन इतक्या लांब कोणी येत नाही. काल आम्ही एकोणीस जण होतो. सोळा तारखेला मतदान आहे. मी पाळक, पण तुम्हाला विचारल्याशिवाय जीव धजत नाही.

तुमचा,
सुमंत

अमरावती, ८ फेब्रुवारी

चि. सुमंतास अनेक आशीर्वाद.
त्या चर्चमध्ये माझं लग्न झालं. मधुकररावांना शेवटचा निरोप तिथूनच दिला. माझं मत विचारशील तर नाही. पण मी तर इथे येऊन बसले आहे. चर्च झाडून-पुसून राखते त्या जयवंताला विचारलंस का? मतदारांच्या यादीत तिचं नाव नाही, म्हणून तिला विसरू नकोस. चर्चच्या मागच्या गल्लीतच राहत असेल, इतक्या दूर ती बिचारी कशी जाईल?

रागावले आहे, तरी लोभ तसाच.
कौसल्याआत्या

नागपूर, १७ फेब्रुवारी

ती. आत्यास सप्रेम सलाम.
जयवंताबाई पायऱ्या पुसत होत्या. मी भीत भीत विषय काढला. पोछा बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "नऊ वर्षं झाली पास्टर, मी बेसाहूनच येणं-जाणं करून राहिली. पहाटेच निघा लागते, दोन बसा बदला लागते. मले कोणी इचारलंच नाही." मला फार लाज वाटली. मग आपल्या मंडळीतली कोणती मुलं तिकडे रविवारी मैदानावर दिसतात, ते त्यांनी सांगितलं. दोघांची तर नावंही मला माहीत नव्हती.

काल ठराव मंजूर झाला. ईस्टरपासून बेसाला, एका शाळेच्या हॉलमध्ये. देवरावकाकांनी विरोधात हात वर केला. या वयात सीताबर्डीबाहेर ते कसे जाणार? म्हणून बुधवारची भक्ती जुन्या चर्चमध्येच राहील. काका हसले नाहीत, पण पहिलं गीत मीच सुरू करीन म्हणाले.

तुमच्या मनाविरुद्ध झालं. माया आटू देऊ नका.
सुमंत

अमरावती, २२ फेब्रुवारी

चि. सुमंतास आशीर्वाद.
मन अजून मानत नाही. पण इतकी वर्षं जयवंताच्या हातचा चहा प्याले आणि तिचं घर कुठे, हे मलाही ठाऊक नव्हतं. तिला विचार, ईस्टरच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे मुक्कामाला आले तर चालेल का. सकाळी भक्तीला दोघी मिळून येऊ.

तुझी,
कौसल्याआत्या