एकोणतीस नंबरला ठेवायचं का?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

शुद्धलेखनाची माफी. आणि टाइप एकाच अंगठ्यानं करते, दुसरा अंगठा तेलानं भाजलाय, त्यामुळे हळू होणार. कोणी वाचणार नाहीये, तरी माफी. सवयच आहे.

आज डोनटच्या दुकानात सकाळपासून एकच विषय — माझा दादा! अमेरिकन फुटबॉलमधला एकोणतीस नंबर. खिडकीजवळच्या टेबलावर झिग आणि कार्ल. दोघंही म्हातारे, दोघंही काचेच्या कारखान्यातून रिटायर. एक कॉफी आणि एक डोनट घेऊन जेवायच्या वेळेपर्यंत बसतात. मी मागे, कढईपाशी. मधे छोटी फट आहे, तिथून ट्रे सरकवते. त्यांना फक्त माझे हात दिसतात. हे हात निकोच्या बहिणीचे आहेत हे त्यांना माहीत नाही. हलिनाबाईंना माहीत आहे, दुकान त्यांचं. पण त्या कोणाला सांगत नाहीत.

कार्ल म्हणाला, “वर्षाला दीड कोटी डॉलर? सेफ्टीला? अरे तो सगळ्यात मागे उभा असतो!”

“तुझ्या घराच्या मागच्या दाराला कडी लावतोस की नाही?”

“लावतो. पण कडी दोन डॉलरला मिळते.”

“म्हणूनच तुझी बायको तिथून निघून गेली,” झिग म्हणाला.

ट्रे पडता पडता वाचला.

पण कार्लचं एक खरं आहे. सेफ्टी म्हणून दादा सगळ्यात मागेच असतो. समोरचा एखादा बॉल छातीशी धरून सगळ्यांना चुकवून सुटला की मग फक्त दादा. त्याच्या मागे कोणी नाही. तो हुकला की संपलं! चार वर्षांत फार कमी हुकलाय. आता करार संपला. आमच्या टीमनं, स्टोकर्सनं, त्याला नवीन पैसे द्यायचे. नाहीतर मार्चमध्ये तो मोकळा. जो बोलावेल तिकडे.

२० फेब्रुवारी

ऍरिझोनाची टीम जास्त देणार म्हणे. उघड बोलायला बंदी आहे अजून, पण एजंटच्या कानावर आलंय.

ऍरिझोना. वाळवंट. नकाशात बघितलं. लगेच बंद केलं.

दादा जाईल तिथे आई जाणार, आई जाईल तिथे मी. हे कोणी ठरवलेलं नाही, पण ठरलेलंच आहे. सामोआहून हवाई, हवाईहून युटा, युटाहून इथे टोलीडोला. दर ठिकाणी नवी शाळा, दर शाळेत पहिल्या दिवशी उभं राहून वाचून दाखव. इथल्या शाळेत अकरावीत एकदा उभी राहिले आणि आवाजच आला नाही. सगळे वाट बघत राहिले. मग मी शाळेत गेलेच नाही. आई रडली, दादा ओरडला. त्यानंतर हलिनाबाईंकडे लागले. इथे कोणी वाचायला लावत नाही. पीठ फुगलं का, तेल तापलं का, एवढंच. आणि ते मला येतं!

बाबापण इथेच आहेत. नदीपलीकडच्या दफनभूमीत. त्यांना तर नेता येणार नाही.

मला जायचं नाही. लिहून टाकलं. मोठ्यानं म्हणायची हिंमत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

एजंट आला होता. ब्रॅड. बूट न काढता घरात! आई त्याच्या बुटांकडेच बघत होती.

त्याची आज्ञा — टीमला वाटलं पाहिजे की आम्ही निघालोच. अंगणात ‘घर विकणे आहे’ पाटी लावायची. दारात खोकी रचायची. पुढच्या रविवारी मिस्टर ऑल्डन जेवायला येणारेत. टीममध्ये कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं ते ऑल्डनच ठरवतात. आल्या आल्या त्यांना खोकी दिसली पाहिजेत.

आई म्हणाली, “रविवारी? देवाच्या दिवशी खोटी पाटी?”

“खोटी नाही, आँटी. शक्यता आहे.”

डेरेकपण होता. दादाचा मित्र, मागच्या फळीत दादाच्या शेजारी खेळतो, दर रविवारी आमच्याकडे जेवतो. तो एका खोक्यावर बसला आणि सरळ आत गेला. रिकामंच होतं! मग सगळ्या खोक्यांत टॉवेल भरले.

भांडी घासताना दादा म्हणाला, “मला एवढे पैसे दिले ना, तर दुसऱ्या कोणालातरी काढतील. पिशवी तेवढीच असते.” डेरेक म्हणाला, “मग तू कमी खा.” दोघं हसले. मला नाही हसू आलं.

२७ फेब्रुवारी

पाटी लागली. शेजारीण खिडकीतून बघत होती.

२ मार्च, रविवार

कसं सांगू! आईनं काय केलं!

चर्चमधून आलो. मिस्टर ऑल्डन वेळेवर. उंच, वाकून चालतात, बूट दारातच काढले. खोकी बघितली. ब्रॅड खूश.

आईनं पहाटेपासून केलं होतं सगळं. भाजलेला मासा, अळूचे कंद, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं. पाहुण्याला आधी वाढलं, आम्ही मागे उभे. ऑल्डननी पानं तीनदा घेतली. ब्रॅड पैशाचं काढणार तेवढ्यात आई उठली. आत गेली. तिच्या गादीखाली ठेवलेली चटई घेऊन आली.

ती! आजीनं विणलेली! कापडासारखी मऊ, काठाला लाल पिसं. असली चटई विणायला वर्षं जातात. बसायची नसते ती, द्यायची असते. लग्नाला, मयताला.

आईनं ती उलगडली, दोन्ही हातांवर घेतली, ऑल्डनच्या पुढ्यात ठेवली. आणि रडायला लागली. बोलता येईना तिला. ऑल्डनचेपण डोळे भरले. “मी हे कसं घेऊ?” म्हणाले. दादानं फक्त मान हलवली — घ्या.

मला कळलं होतं. दादालापण. बाबा गेले तेव्हा ऑल्डन दफनभूमीत आले होते. बर्फात उभे होते, शेवटपर्यंत, टोपी हातात. आमच्यात मयताला आलेल्या माणसाला चटई देऊन पाठवायचं असतं. त्या वेळी सामोआहून चटया वेळेवर आल्याच नाहीत, हीसुद्धा नंतर आली. आईनं त्यांना रिकाम्या हातानं जाऊ दिलं. दोन वर्षं तिला ते टोचत होतं. आज पहिल्यांदा ते आमच्या उंबऱ्यात आले. मग देणारच ना!

ते गेल्यावर ब्रॅडनं डोक्याला हात लावला. “आँटी, हे काय केलंत? करार व्हायच्या आधी भेट? आता त्याला कळलं तुम्ही कुठे जात नाही!”

आई म्हणाली, “कराराचा काय संबंध? तू अजून बूट काढले नाहीस.”

३ मार्च

उलटंच झालं. सगळं उलटं.

दुकानातल्या रेडिओवर ऑल्डनचा आवाज. “त्या घरानं काल आमचा निरोप घेतला. फार मोठ्या मनानं. मी ते विसरणार नाही.” मग बातमी — टेक्ससच्या टीमनं सोडलेला एक सेफ्टी बुधवारी टोलीडोत येतोय. भेटायला.

निरोप!

खोकी, पाटी, रडणारी आई, घराण्यातली चटई. त्यांनी सगळं एकत्र जोडलं. त्यांची काय चूक? मीपण तेच जोडलं असतं.

कार्ल म्हणाला, “चला, सुटलो. टेक्ससवाला निम्म्यात येईल.” झिग उठला. अर्धा डोनट ठेवून गेला. झिग कधी डोनट ठेवत नाही.

घरी सांगितलं. म्हणजे रेडिओवर काय आलं तेवढंच सांगितलं. ब्रॅड फोनवर म्हणाला, घाबरवतायत, थांबा, जो आधी फोन करेल तो हरला. दादा म्हणाला, “त्यांना नको असेन तर मी का मागू?” आणि गॅरेजमध्ये जाऊन वजनं आपटत बसला. आई म्हणतेय, निरोप कुठला, मी तर मयताचं दिलं. पण हे ती आम्हाला सांगतेय. ऑल्डनना कोण सांगणार?



४ मार्च, मंगळवार

आज उपासाआधीचा मंगळवार. हलिनाबाईंसारखे इथले पोलिश लोक आज पोटभर गोड तळलेलं खातात, उद्यापासून उपास. दारापासून चौकापर्यंत रांग. आम्ही रात्रभर तळत होतो. दरवर्षी स्टोकर्सच्या ऑफिसातपण डोनटची खोकी जातात. हलिनाबाईंचा भाचा पोचवतो.

सकाळी मी हलिनाबाईंना म्हटलं, “आज मी नेऊ?”

त्यांनी मैद्याचे हात पुसले. माझ्याकडे नीट बघितलं. रांग तशीच सोडून गाडीची किल्ली घेतली. “चल, मी सोडते.”

तिसरा मजला. ऑफिसच्या दारातली बाई म्हणाली खोकी इथेच ठेव. मी ठेवली नाहीत. उभी राहिले. बोलता येत नाही तेव्हा मी नुसती उभी राहते. त्याचाही उपयोग होतो कधीकधी. शेवटी ऑल्डनच बाहेर आले.

“तू निकोची बहीण ना?”

मान हलवली. आत नेलं. खुर्चीत चटई होती. ब्राऊन कागदात गुंडाळून, दोरी बांधून.

“बरं झालं आलीस. ही परत पाठवणार होतो. फार मोठी वस्तू आहे. निरोपाला एवढं कोणी देतं का?”

तेच शाळेतलं. मी खोक्याकडे बघितलं आणि खोक्यालाच सांगितलं, “निरोप नाही.”

“काय?”

“निरोपाची नाही. मयताची आहे.”

ते घाबरलेच. “कोण गेलं?”

“बाबा. तेव्हा. तुम्ही बर्फात उभे होता. आमच्यात रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. चटया आल्या नव्हत्या. आईला दोन वर्षं झोप नाही. परत नका करू. परत केलीत तर ती चर्चमध्ये मान वर करणार नाही.”

एका दमात! एवढं मी वर्षभरात बोलले नसेन.

ते खाली बसले. बराच वेळ दोरीच्या गाठीशी खेळत होते. मग म्हणाले, “आणि दारातली खोकी? पाटी?”

खरं सांगितलं तर दादाचं नुकसान. खोटं मला येत नाही. म्हटलं, “ते मला विचारू नका.”

त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. “बरं. निकोला राहायचंय का?”

“ते त्याला विचारा. फोन करून. तो करणार नाही, तुम्ही करा. मला घरात कोणी विचारत नाही. पण मी जाणार नाही. माझं काम आहे इथे.”

“काय काम करतेस?”

मी खोकं उघडलं. त्यांनी एक उचलला, चावला. मनुकांचं सारण टायवर सांडलं. “हे तू?” म्हणाले. “मी,” म्हटलं.

खाली गाडीत हलिनाबाई.

“बोललीस?”

“हो.”

“किती?”

“बरंच.”

त्यांनी गाडी सुरू केली. पूर्ण रस्ता गुणगुणत होत्या.

५ मार्च

टेक्ससवाला आला. पेपरात फोटो आहे. हसरा आहे. मला त्याचा राग येत नाही, हीच पंचाईत.

उपास सुरू, हलिनाबाईंच्या कपाळावर चर्चमध्ये लावलेली राख. दुकानात शुकशुकाट.

६ मार्च

दादा स्वयंपाकघरात आला. “ऑल्डनचा फोन आला होता. तू त्यांच्या ऑफिसात गेलीस?”

मी भांडी घासत राहिले.

“तू? तू बोललीस? तोंडानं?”

“हो.”

“आई! हिनं तोंड उघडलं!” असा ओरडला की शेजारणीनं खिडकी उघडली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. हात जड आहे त्याचा. “तुला इथे राहायचं होतं तर सांगायचं ना, येडे.”

“तू विचारलं नाहीस.”

तो टॉवेल घेऊन भांडी पुसायला लागला. खोक्यातलाच टॉवेल होता.

ब्रॅड भडकलाय. भडकू दे.

८ मार्च, शनिवार

सही!! तीन वर्षं! ऍरिझोना देणार होते त्यापेक्षा थोडं कमी, पण थोडंच. दादानं स्वतः पाटी उपटली.

दुकानात झिगनं सगळ्यांना कॉफी पाजली. कार्ल म्हणाला, “गुडघा गेला त्याचा तर माझ्याकडे येऊ नका रडत.” झिग म्हणाला, “तुझा गुडघा गेला तेव्हा कोण आलं होतं?” “तूच आला होतास.” “मग पी कॉफी.” मी फटीतून ट्रे सरकवला आणि — का कोण जाणे — वाकून तोंड दाखवलं. म्हटलं, “त्याचा गुडघा चांगलाय.” दोघं बघतच राहिले. हलिनाबाई हसून हसून खाली बसल्या!

संध्याकाळी कळलं, डेरेकला सोडलं. पिशवी तेवढीच. तरी तो आला जेवायला. आईनं त्याला सगळ्यात आधी वाढलं, पाहुण्यासारखं. तो म्हणाला, “आँटी, मी घरचा आहे, मला शेवटी वाढा.” आई आत निघून गेली. कार्लचं म्हणणं, एकट्याला एवढे पैसे का, मला आज थोडं कळलं. तरी मी खूश आहे. दोन्ही खरं आहे.

९ मार्च, रविवार

गावाहून फोन. आजोबा गेल्यापासून घराण्याच्या प्रमुखाची जागा रिकामी होती. सगळे मामा, मावश्या बसले, भांडले, रडले, आणि ठरलं. दादा नाही, मोठे मामा नाहीत. आई! आईला पद दिलंय. आता तिला सामोआतच राहावं लागणार. कायमचं.

फोन तिनं मांडीवर ठेवला. मग दादाकडे नाही, माझ्याकडे वळली.

“मासिना, तू सांग. जाऊ?”

म्हटलं, जा.