डेंग्यूचा पाहुणा अन् दारावरचा रामराव

साळेबुवा कचरूभाऊ यांस, अमडापूरहून गुलाबरावचा खाटीवरूनच रामराम. तिकडं बीबी गावाले लेकराबाळायसकट सारे धडधाकट असाल. मी डेंग्यूतून वाचलो. तुमची बहीण चांगुणा ठणठणीत आहे, पण माह्याशी बोलत नाही. ते काऊन, हेच लिहून राह्यलो.

ताप आला तवा समता डॉक्टरीणबाईनं मले बिमारी समजावून सांगतली. (या बाईले समजावाची लय हौस, सुई टोचता टोचता सांगते.) म्हणे, रक्तवाहिनीले आतून पेशीचं अस्तर असते. विषाणू तेथं दार फोडून घुसत नाही. तो नुसता बाहेरून चिकटते, अन् पेशीच त्याले कामाचा माल समजून लपेटून आत घेते. मंग तो आत बसून आपलं लेकराबाळायचं खटलं वाढवते, अस्तर सैल पडते, अन् रक्तातलं पाणी बाहेर झिरपते. बाप्पा! मले तं घामच फुटला. हे हुबेहूब आपल्या घरचंच झालं. बिमाराले भेटाले अख्खं गाव येते, चांगुणा सर्वायले आत घेते, चहा ठेवते, अन् बिमार बिचारा उठून भिंतीले टेकून बसते. एकानं पपईच्या पानाचा रस पाजला, दुसऱ्यानं बकरीचं दूध, अन् तिसऱ्यानं त्याचा मेहुणा डेंग्यूनं कसा गेला ते सांगतलं (पार तेरवीच्या जेवणापर्यंत).

म्हणून मी शेजारच्या रामरावले सारं समजावलं अन् दारात खुर्ची टाकून बसवलं. (माणूस इमानी, पण डोक्याले तरास देत नाही.) हुकूम एकच: पाहुणा दिसला की हाकला. दुपारी जीप थांबली. उंद्रीची मंडळी, माह्या लेकीले, काजलले पाहाले! तुम्ही फोनवर तारीख कळवली होती, पण तापात मी ती घरात सांगाचीच राह्यलो. रामरावनं काठी आडवी लावली अन् वरून म्हणे, "तुम्ही आत गेले की आमच्या गुलाबरावचं पाणी झिरपते." पोराचा बाप टोपी सावरत तसाच माघारी गेला. माह्या अकलेपायी पोरीची सोयरीक मोडली कचरूभाऊ, घास गोड लागत नाही.

ता.क. मले भेटाले येऊ नका. सरळ उंद्रीले जाऊन त्या लोकाईचे पाय धरा.

ता.क. दुसरा. पाय धरू नका. आताच कळलं, पोरगा राजकुमार त्या दिवशी माघारी जातांनी गावाबाहेर जीपमधून उतरून आपल्या मागच्या गोठ्याच्या दारानं घरात आला. कडी काजलनंच काढली. चहा-पोहे झाले. तवापासून रोज माही तब्येत पुसाले येते म्हणे (मले अजून दिसला नाही). बापाची समजूत त्यानंच काढली. तुम्ही फक्त मुहूर्त आणा, अन् येतांनी गोठ्याकडून या. समोरच्या दारावर रामराव अजून बसून आहे.