आल्दानच्या बर्फावर

केस्किलदादा,

बाबांना नीट घरी आणलं का, असं तू फोनवर विचारलंस. मी नुसतं हो म्हणाले.

याकुत्स्कच्या डॉक्टरांनी हात टेकले, म्हणून मी बाबांना गाडीने घरी आणत होते. आल्दानच्या काठावर त्यांनी नेहमीसारखा धिरड्याचा तुकडा नदीला दिला. गोठलेल्या पात्रावर गाडी घालताना मी सीटबेल्ट सोडला. बर्फ फुटलाच तर उडी मारता यावी, म्हणून सोडायचा, हे त्यांनीच आपल्याला शिकवलेलं. त्यांनी स्वतःचा सोडला नाही.

"बाबा, बेल्ट."

"तू तुझं बघ. म्हाताऱ्याला ओढत बसलीस तर दोघं बुडू."

मी नदीच्या मध्यावर गाडी थांबवली. खाली बर्फ कडकड वाजत होता.

"वेड लागलं का गं? इथे कुणी थांबतं का?"

"तुम्ही सोडल्याशिवाय हलणार नाही."

"अगदी आईवर गेलीस," ते पुटपुटले आणि त्यांनी बेल्ट सोडला.

पलीकडे गाडी काठावर चढली, तेव्हा म्हणाले, "आता बांधून दे. पुढे खड्डे फार आहेत."

दादा, हे वाचलंस तर तू लगेच निघशील. म्हणूनच पाठवत नाही. न वाचता, आपणहून ये.

तुझी,
कुन्नेय