पाचवी वायर

१२ ऑगस्ट
स्पेलिंगच्या चुका असतील, सॉरी. नववीत शाळा सोडली मी. आणि टाइप करताना एकेक अक्षर शोधते, वेळ लागतो. पण आज लिहायचंच आहे!

स्वरूपाताईचं इन्स्टा कुणीतरी उघडून घाण फोटो टाकले. आईच्या पीजीत चार खोल्या, चार मुली, इंटरनेट एकच. केतकीताई म्हणते, "वल्लरीच! कम्प्युटर शिकते ना. ती जाईल, नाहीतर आम्ही तिघी." आईने शनिवारपर्यंत वेळ मागितला.

वल्लरीताई असं करणारच नाही. हा जुना लॅपटॉप तिनेच दिला. मी बोलताना अडखळले की ती थांबते. बाकी कोण थांबतं यार?

१३ ऑगस्ट
सापडलं!! वल्लरीताईने शिकवलेलं – प्रत्येक मशीनचा स्वतःचा नंबर असतो. राउटरचा, म्हणजे जिन्याखालच्या इंटरनेटच्या डब्याचा, त्याच्या खाली स्टिकरवर छापलाय. माझ्या लॅपटॉपमध्ये बघितलं, राउटर म्हणून भलताच नंबर! म्हणजे दुसरंच कोणीतरी "मीच राउटर" सांगतंय. आणि आमचं सगळं आधी त्याच्याकडे जातंय!

स्वरूपाताईला विचारलं, इन्स्टा उघडताना काही वेगळं दिसलं का. (मी! स्वतःहून!) "हो गं, लाल वॉर्निंग आली होती. घाईत होते, कंटिन्यू दाबलं." तिथेच तिचा पासवर्ड त्याला मिळाला!

१४ ऑगस्ट
सगळ्या खोल्यांच्या वायरी जिन्याखालच्या डब्यात येतात, तिथून एकेक काढून बघितली. वल्लरीताईची काढली – खोटा नंबर तसाच! बाकी तिघींच्या काढल्या – तसाच. पाचवी काढली – गेला! खरा नंबर परत आला!

पण खोल्या तर चारच. पाचवी कुठली? वायर धरून वर गेले. बाल्कनीतून थेट समोरच्या चंद्रप्रभा आंटीच्या घरात.

आई म्हणाली, "मीच दिली. त्यांच्या भाडेकरूला हवं होतं. नुसती वायर तर दिली, टाकीतलं पाणी थोडंच दिलंय!"

आंटीने त्या भाडेकरूला धरलं. तो म्हणे, "मज़ाक था, आंटी."

१५ ऑगस्ट
नाश्त्याला सगळ्यांसमोर बोलले. उभं राहून! आवाज चिरकला, पण पूर्ण सांगितलं. मग वल्लरीताईने आणि मी प्रत्येकीच्या लॅपटॉपमध्ये राउटरचा खरा नंबर पक्का टाकला. आता कोणी कितीही "मीच राउटर" ओरडू दे, लॅपटॉप ऐकणारच नाही! पासवर्ड सगळे बदलले. पाचवी वायर कापली.

केतकीताई सॉरी म्हणाली. तोंड वाकडं करून, पण म्हणाली.

वल्लरीताई राहणार!!!

१७ ऑगस्ट
वल्लरीताई आत्ता ओरडतच जिना चढून आली. जर्मनीत ॲडमिशन मिळाली, स्कॉलरशिपसकट. पुढच्या महिन्यात जाणार. मीच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या.